कमी वापर, जास्त वापर: फोनची ऑपरेटिंग सिस्टीम कशी निवडाल?

ठाण्यात गोखले रोडवर जा, नाहीतर वाशीला सेक्टर १७ मध्ये. मोबाइलच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: "बजेट किती?" आकडा सांगितला की काउंटरवर चार फोन मांडले जातात, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगितले जातात, महिन्याला हप्ता किती बसेल तेही लगेच काढून मिळतं. आत कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आहे आणि तिला अपडेट कुठल्या वर्षापर्यंत येणार, हे सहसा कुणी सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही. फोन किती वर्षं सुखाने चालेल हे मात्र बरंचसं या दोन गोष्टींवर ठरतं.

पहिला स्मार्टफोन घेणारे, आईवडिलांसाठी फोन बघणारे, आणि अँड्रॉइडवरून आयफोनकडे किंवा उलट जायचं मनात असलेले, अशा सगळ्यांसाठी हे लिहिलं आहे.

आधी थोडी ओळख

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे फोनचा कारभार बघणारं मूळ सॉफ्टवेअर. कोणत्या अ‍ॅपला किती मेमरी द्यायची, बॅटरी कुठे वाचवायची, कॅमेरा आणि लोकेशन कुणाला वापरू द्यायचं, हे सगळं तीच ठरवते. एकेकाळी यात बरीच नावं होती. नोकियाची सिंबियन, ब्लॅकबेरी, मायक्रोसॉफ्टचा विंडोज फोन ही सगळी मागे पडली; ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनची सेवा तर जानेवारी २०२२ मध्ये अधिकृतपणे बंद झाली. आज आपल्याकडच्या दुकानात खरी निवड दोघांतच आहे: गुगलची अँड्रॉइड आणि अ‍ॅपलची आयओएस.

आयओएस फक्त आयफोनवर चालते. अँड्रॉइडचा गाभा गुगल सगळ्यांना देतं आणि प्रत्येक कंपनी त्यावर आपला साज चढवते: सॅमसंगचा वन यूआय, शाओमीचा हायपरओएस, ओप्पोचा कलरओएस, वनप्लसचा ऑक्सिजनओएस. पीठ एकच, पण प्रत्येकाच्या हातची भाकरी वेगळी. म्हणून "अँड्रॉइड हँग होतो" किंवा "अँड्रॉइड मस्त चालतो" या दोन्ही वाक्यांना फारसा अर्थ नाही. कोणत्या कंपनीचा, कोणत्या वर्षीचा, किती रॅमचा (म्हणजे चालू कामांसाठी लागणाऱ्या तात्पुरत्या मेमरीचा), हे सांगितल्याशिवाय तुलना होतच नाही.

बटणांच्या फोनबद्दल एवढंच: नुसते फोन करायचे आणि घ्यायचे असतील तर तो अजूनही उत्तम आहे. यूपीआय १२३पे ही सेवा रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठीच सुरू केली, त्यामुळे पैसे पाठवण्यासाठीही स्मार्टफोन लागतोच असं नाही. पण व्हॉट्सअ‍ॅप हवं असेल तर तो मार्ग आता बंद समजा. जिओफोनमध्ये असलेल्या कायओएसवरून व्हॉट्सअ‍ॅपने २०२५ मध्ये काढता पाय घेतला.

पायरी १: एका दिवसाचा वापर कागदावर लिहा

दुकानात जाण्याआधी हे करा, आणि खरंच कागदावर करा. सकाळपासून रात्रीपर्यंत फोन कशाकशासाठी हातात येतो ते लिहून काढा. सध्याच्या अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' आणि आयफोनवर 'स्क्रीन टाइम' उघडलंत तर कोणत्या अ‍ॅपवर किती वेळ जातो ते दिसेल. सोबत स्टोरेजचं पान बघा. ते बघून बहुतेकांचा आपल्या वापराबद्दलचा अंदाज बदलतो.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. तास जास्त म्हणजे वापर जास्त, असं नाही. नौपाड्यातल्या एखाद्या आजी रोज चार तास यूट्यूबवर कीर्तन ऐकत असतील, तरी सिस्टीमच्या दृष्टीने तो हलका वापर आहे. एकच अ‍ॅप चालू, त्यात एकच व्हिडिओ. बॅटरी आणि नेट जाईल, बाकी फोनला फारसे कष्ट नाहीत. उलट तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटमधला व्यापारी स्क्रीनकडे एकूण दोनच तास बघत असेल, पण त्याच्याकडे दोन नंबर, दोन व्हॉट्सअ‍ॅप, दीडशे ग्रुप, त्यांत सतत येणारे मालाचे फोटो, बिलांच्या पीडीएफ, मध्येच बँकेचं अ‍ॅप आणि त्यातच चालू असलेला कॉल. हा जड वापर. एका वेळी किती गोष्टी जाग्या ठेवाव्या लागतात आणि किती साठवावं लागतं, यावर वजन ठरतं.

जड वापरातही प्रकार आहेत. घोडबंदर रोडवर दिवसभर ऑर्डर पोचवणाऱ्याला जीपीएस, उन्हात दिसणारी स्क्रीन आणि न चुकणारी नोटिफिकेशन हवीत. ऐरोली-महाप्याच्या आयटी पार्कात काम करणाऱ्याला ऑफिसचं ईमेल, ओटीपीची अ‍ॅप आणि मीटिंग. दहीहंडीचे किंवा लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याला कॅमेरा आणि साठा. या तिघांना एकच फोन सुचवणारा माणूस तुमचं ऐकून घेत नाहीये.

पायरी २: हा फोन किती वर्षं वापरणार ते ठरवा

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि इथेच बहुतेक घरांत उलटं होतं. "आईला काय, व्हॉट्सअ‍ॅपपुरता तर हवाय" म्हणून सगळ्यात स्वस्त आणि जुनं मॉडेल घेतलं जातं. पण हलका वापर करणारी माणसंच फोन सगळ्यात जास्त वर्षं वापरतात. बॅटरी लवकर झिजत नाही, नवं मॉडेल हवं असा हट्ट नसतो, सहा-सात वर्षं तोच फोन चालतो. म्हणजे सुरक्षेच्या अपडेटची लांब मुदत सगळ्यात जास्त त्यांनाच लागते. जड वापर करणाऱ्याचा फोन तीन वर्षांत बॅटरीने दमतो आणि तसाही बदलला जातो.

मुदतीचे आकडे आज बरेच चांगले झाले आहेत. गुगलने पिक्सेल ८ पासून, म्हणजे २०२३ पासून, सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन दिलं. सॅमसंगने २०२४ च्या गॅलक्सी एस२४ पासून तेच केलं, आणि त्याच वर्षी आलेल्या गॅलक्सी ए१६ ५जी सारख्या स्वस्तातल्या फोनलाही सहा वर्षं दिली. आयफोनची वहिवाट प्रत्यक्षात दिसते: सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली आयओएस २६ ही २०१९ च्या आयफोन ११ वर चालते, तर २०१८ चे एक्सएस आणि एक्सआर आयओएस १८ वरच थांबले. अँड्रॉइडच्या बाकीच्या कंपन्यांत मुदत मॉडेलप्रमाणे बदलते. एकाच कंपनीच्या महागड्या फोनला लांब मुदत आणि स्वस्त फोनला दोन-तीन वर्षं, असं सर्रास असतं. म्हणून कंपनीचं नाव पुरेसं नाही, मॉडेलचं नाव घेऊन कंपनीच्या साइटवर बघा.

आणि ही मुदत मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही बिल केल्यापासून नाही. दिवाळीच्या सेलमध्ये दोन वर्षं जुनं मॉडेल स्वस्तात मिळालं, तर त्यातली दोन वर्षं आधीच गेलेली आहेत.

मुदत संपली की फोन दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण सुरक्षेतली भोकं बुजवली जात नाहीत, आणि हळूहळू अ‍ॅप साथ सोडतात. व्हॉट्सअ‍ॅपला आता अँड्रॉइड ५ किंवा आयओएस १५.१ आणि त्यापुढचं व्हर्जन लागतं. आयफोन ६ त्यामुळे मे २०२५ मध्ये बाहेर पडला. बँकांची अ‍ॅप याबाबतीत व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा कडक असतात.

पायरी ३: वापर हलका असेल तर

हलक्या वापरासाठी पहिला प्रश्न मी असा विचारेन: अडल्यावर मदत कोण करणार? मुलगी पुण्याला असेल आणि तिच्याकडे आयफोन असेल, तर फोनवरून "आता वर उजवीकडे बघ, तिथे दाब" असं ती आयफोनचंच सांगू शकेल. शेजारचा मुलगा मदत करत असेल आणि त्याच्याकडे सॅमसंग असेल, तर सॅमसंग घ्या. मदतनीसाची सिस्टीम तीच आपली, हा निकष रॅम आणि मेगापिक्सेलपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

दुसरा प्रश्न मागे जाण्याचा. अँड्रॉइडवर खाली तीन बटणांची पट्टी लावून घेता येते: मागे, होम, चालू अ‍ॅप. कुठेही अडकलं की मागे दाबायचं, हे एकदा अंगवळणी पडलं की भीती जाते. आयफोनवर मागे जाण्याची खूण कधी वर डाव्या कोपऱ्यात असते, कधी कडेवरून बोट सरकवावं लागतं. तरुणांना फरक पडत नाही; सत्तरीतल्या, बोटं थरथरणाऱ्या माणसाला पडतो. सॅमसंगमध्ये 'इझी मोड' आहे, त्यात चिन्हं आणि अक्षरं मोठी होतात. आयफोनमध्ये २०२३ च्या आयओएस १७ पासून 'असिस्टिव्ह अ‍ॅक्सेस' आहे. त्यात स्क्रीनवर मोजकीच मोठी चौकोनी बटणं राहतात. ज्यांना फोन, मेसेज आणि फोटो एवढंच हवं आहे, त्यांच्यासाठी ती सोय फार विचारपूर्वक केलेली आहे.

मराठीचं म्हणाल तर अँड्रॉइडचा सगळा मेनू मराठीत पूर्वीपासून करता येतो. आयफोनमध्ये ही सोय आयओएस १८.४ पासून, म्हणजे २०२५ मध्ये आली. आजोबांना टाइप करायचा कंटाळा असेल तर दुकानातच कीबोर्डवरचा माइक दाबून दोन मराठी वाक्यं बोलायला सांगा. काय उमटतं ते बघून निर्णय घ्या.

सुरक्षेत मात्र दोन्ही सिस्टीममध्ये एक मोठा फरक आहे आणि तो ज्येष्ठांच्या घरात लक्षात घ्यायलाच हवा. "आरटीओ चलन", "लग्नपत्रिका", "बँक केवायसी" अशा नावाच्या एपीके, म्हणजे दाबली की थेट फोनमध्ये नवं अ‍ॅप बसवणाऱ्या, फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. त्या दाबल्या, परवानग्या दिल्या, की ओटीपीचे मेसेज दुसऱ्याच्या हातात जातात. एपीके हा अँड्रॉइडचा प्रकार आहे, आयफोनवर ती फाइल चालतच नाही. अँड्रॉइड घेणार असाल तर पहिल्याच दिवशी सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स' शोधा आणि व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर, फाइल मॅनेजर या सगळ्यांसमोरची परवानगी बंद करा. आयफोन घेतला म्हणून निर्धास्त होऊ नका. फोनवर गोड बोलून ओटीपी किंवा पिन काढून घेणाऱ्यापुढे कुठलीच सिस्टीम उपयोगाची नाही. पैसे गेलेच तर क्षणही न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.

हलक्या वापरासाठी अँड्रॉइडमध्ये ६ जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेज याच्या खाली जाऊ नका. ६४ जीबीत सिस्टीमच बरीच जागा खाते आणि उरलेली सुप्रभातच्या फोटोंनी भरते. व्हॉट्सअ‍ॅपच्या 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये जाऊन फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरणं बंद केलंत, तर अर्धं दुखणं तिथेच थांबेल.

पायरी ४: वापर जड असेल तर

दोन सिस्टीमची पार्श्वभूमीतली अ‍ॅप सांभाळायची रीत वेगळी आहे. आयओएस मागे गेलेल्या अ‍ॅपला बहुतेक वेळा गोठवून ठेवते, म्हणून आयफोन कमी रॅमवरही सुरळीत चालतो. आयफोनची रॅम आणि अँड्रॉइडची रॅम समोरासमोर ठेवून तुलना करू नका. अँड्रॉइड अ‍ॅपला मोकळीक जास्त देते, पण बॅटरी जास्त टिकते हे दाखवण्यासाठी काही कंपन्या मागची अ‍ॅप स्वतःहून बंद करतात. ऑर्डर घेणाऱ्याची, कॅब चालवणाऱ्याची नोटिफिकेशन तिथेच हरवते. अशा फोनवर कामाच्या अ‍ॅपसाठी दोन गोष्टी करा: बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा आणि 'ऑटोस्टार्ट' किंवा 'ऑटो लाँच' असेल तर ते चालू करा. आयफोनवाल्यांनी कामाचं अ‍ॅप वर सरकवून पूर्ण बंद करायची सवय सोडावी.

"८ अधिक ८ जीबी रॅम" असं डब्यावर लिहिलेलं दिसेल. त्यातली दुसरी ८ ही स्टोरेजमधली उसनी जागा असते आणि ती खऱ्या रॅमपेक्षा बरीच संथ असते. पहिलाच आकडा खरा धरा. जड वापराला खरी ८ जीबी किमान, जमल्यास १२.

व्यापारी आणि दोन नंबरवाल्यांसाठी अँड्रॉइड सोयीचा. त्यात सहसा दोन सिम कार्ड बसतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपने एकाच अ‍ॅपमध्ये दोन खाती ठेवायची सोय ऑक्टोबर २०२३ मध्ये अँड्रॉइडवर आधी दिली. आपल्याकडच्या बहुतेक आयफोनमध्ये कार्ड एकच बसतं, दुसरा नंबर ई-सिमवर, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच नोंदवल्या जाणाऱ्या सिमवर, न्यावा लागतो. हे अवघड नाही, पण फोन घेण्याआधी माहीत असावं. कॉल रेकॉर्डिंग आयफोनवर आयओएस १८.१ पासून आलं आहे, मात्र समोरच्याला ते ऐकू येईल अशी सूचना देऊनच. अँड्रॉइडवर गुगलचं डायलर असेल तर तिथेही तशीच सूचना वाजते.

व्हिडिओ करणाऱ्यांनी आधी साठ्याचं गणित करावं. आयफोनवर ४के, ६० फ्रेमचा एक मिनिटाचा व्हिडिओ साधारण ४०० एमबी घेतो. ३० फ्रेमवर १७० एमबी. म्हणजे तलावपाळीवरच्या कार्यक्रमाचं अर्ध्या तासाचं चित्रण ६० फ्रेमवर १२ जीबी. आयफोनमध्ये मेमरी कार्ड बसत नाही, म्हणून २५६ जीबीच्या खाली विचार करू नये. २०२३ च्या आयफोन १५ पासून यूएसबी-सी आल्यामुळे बाहेरून केबलने जोडायच्या साठ्यावर (एसएसडी) फाइल काढणं मात्र सोपं झालं. व्हिडिओच्या दर्जात आणि इन्स्टाग्रामसारख्या अ‍ॅपमधल्या कॅमेऱ्यात आयफोनचं पारडं मला अजून जड वाटतं. फाइल संगणकावर टाकणं, केबल लावून फोल्डर उघडणं यात अँड्रॉइड सरळ.

दुचाकीवर फोन लावणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. अ‍ॅपलने २०२१ मध्येच सांगितलं आहे की मोटारसायकलच्या इंजिनाच्या सततच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते. अशी यंत्रणा असलेल्या अँड्रॉइडलाही तोच धोका. पावसाळ्यातले घोडबंदर रोडचे खड्डे बघता धक्के शोषणारा माउंट लावा, नाहीतर रस्त्यासाठी साधा, वेगळा फोन ठेवा. उन्हाचंही तसंच. अ‍ॅपल ० ते ३५ अंश तापमानात आयफोन वापरायला सांगतं, आणि मे महिन्यातल्या दुपारी हँडलवरचा फोन ते सहज ओलांडतो. मग स्क्रीन मंद होते, चार्जिंग थांबतं.

आणखी एक: डिलिव्हरी किंवा कॅबच्या कामासाठी फोन घेत असाल तर त्या कंपनीचं भागीदारांचं अ‍ॅप दोन्ही सिस्टीमवर आहे का, ते आधी बघा. ग्राहकांचं अ‍ॅप असतं म्हणून भागीदारांचंही असेलच असं नाही.

पायरी ५: रोजच्या दोन कामांची परीक्षा

यूपीआय: नव्या फोनवर यूपीआय सुरू करताना बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये असावं लागतं आणि त्यावरून एक एसएमएस जावा लागतो. अँड्रॉइडवर तो आपोआप जातो, आयफोनवर मेसेज तयार होऊन समोर येतो आणि 'सेंड' आपण दाबायचं असतं. रिचार्ज संपलेला असेल तर दोन्हीकडे काम अडतं.

लोकलचं तिकीट: रेल्वेचं रेलवन अ‍ॅप १ जुलै २०२५ ला आलं, ते दोन्ही सिस्टीमवर आहे. मोबाइल तिकिटाला लोकेशन लागतं, म्हणून आयफोनवर त्या अ‍ॅपसाठी 'प्रिसाइज लोकेशन' चालू ठेवा. तिकीट फोनमध्येच असल्यामुळे ठाण्याहून पनवेलला जाताना बॅटरी संपली तर टीसीला दाखवायला हातात काही उरत नाही. जुन्या, बॅटरी उतरलेल्या फोनवर पास काढणाऱ्यांनी याचा विचार करावा.

पायरी ६: दुकानात

मांडलेला डेमो फोन हातात घ्या. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडून अँड्रॉइडचं व्हर्जन आणि सुरक्षा अपडेटची तारीख बघा. तारीख फार जुनी असेल तर कंपनी त्या मॉडेलकडे किती लक्ष देते ते कळतं. बिलावर आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहून घ्या.

सेकंडहँड घेत असाल तर *#०६# डायल करून आयएमईआय काढा, केवायएम ही इंग्रजी अक्षरं, मग एक जागा सोडून तो नंबर असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर उत्तरात कळेल. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही हे तपासता येतं. सेकंडहँड आयफोनला पैसे देण्याआधी 'सेटिंग्ज'मध्ये बॅटरी हेल्थ बघा आणि आधीच्या मालकाचं अ‍ॅपल खातं तुमच्यासमोर काढून घ्या. ते राहिलं तर फोन तुमचा होत नाही.

आयफोन विकताना किंमत चांगली मिळते, पण फुटलेली स्क्रीन बदलताना खिसा तेवढाच हलका होतो. फोन वारंवार पडणाऱ्या घरात हा हिशोब आधी करावा.

पायरी ७: जुन्यावरून नव्यावर

अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर किंवा आयफोनवरून आयफोनवर जाणं सोपं आहे. सिस्टीम बदलताना व्हॉट्सअ‍ॅपकडे लक्ष द्या: गुगल ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनला वाचता येत नाही. अँड्रॉइडवरून आयफोनकडे जाताना 'मूव्ह टू आयओएस' अ‍ॅप वापरावं लागतं आणि ते नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच करायचं असतं. दुकानदाराने घाईने सेटअप उरकून दिला, तर पुन्हा सगळं पुसून सुरुवात करावी लागते. म्हणून त्याला म्हणा, "सेटअप राहू द्या, घरी करतो."

जागेचंही बघा. गुगल १५ जीबी फुकट देतं आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप आता त्यातच मोजला जातो. अ‍ॅपलच्या आयक्लाउडवर फुकट जागा ५ जीबीच आहे, ती फोटोंनी लवकर भरते.

जुना फोन लगेच कुणाला देऊन टाकू नका. नव्या फोनवर बँक, यूपीआय, डिजिलॉकर आणि ऑफिसचं ओटीपी अ‍ॅप एकदा तरी चालवून बघा. मग जुन्यावरून गुगल किंवा अ‍ॅपलचं खातं काढा, आयफोन असेल तर 'फाइंड माय' बंद करा, आणि त्यानंतरच फॅक्टरी रीसेट मारा, म्हणजे फोनमधलं सगळं पुसून टाका. खातं न काढता रीसेट केलेला फोन पुढच्या माणसाला तुमचाच पासवर्ड मागत बसतो.